वार्षिक सभेच्या कॅप्शनसाठी आवाज कुठून घ्यावा? कोल्हापुरातलं एक प्रकरण

कोल्हापुरातल्या निवृत्त शिक्षकांच्या एका पतसंस्थेने सप्टेंबर 2024 मधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मोठ्या पडद्यावर थेट मराठी कॅप्शन, म्हणजे बोलणं चालू असतानाच त्याचा मजकूर, दाखवायचं ठरवलं. सभासदांत साठीच्या आतलं कुणी नाही. कानाला यंत्र लावणारे बरेच, आणि यंत्र न लावता शेजाऱ्याला ‘काय म्हणाले?’ असं विचारणारे त्याहून जास्त. दरवर्षी सभेनंतर चहाच्या वेळी एकच तक्रार असायची, ठराव काय झाला ते कळलंच नाही. हात मात्र सगळ्यांबरोबर वर केलेला असायचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये संवादाच्या व्याख्येतच मजकूर दाखवणं येतं. पण संचालक मंडळापुढे कुणी कायदा वाचून दाखवला नाही. एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, “ज्याला ऐकूच आलं नाही, त्याने दिलेली मंजुरी धरायची का?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं आणि विषय तिथेच मंजूर झाला.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे त्या महिन्यात रविवारी सभागृह मिळणं मुश्कील. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्टच्या आगीत जळालेलं, तो पर्याय नव्हताच. शेवटी एक मंगल कार्यालय मिळालं. खाली गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, वर उंच पत्रा. लग्नाला उत्तम. भाषणाला मात्र असा हॉल वाईट, कारण शब्द एकदा उच्चारला की तो भिंतीवरून, छतावरून फिरत राहतो आणि पुढचा शब्द त्याच्यावर येऊन बसतो.

कॅप्शनचं काम आम्हा तिघांकडे होतं. एक जण लॅपटॉपवर यंत्राने उमटवलेला मजकूर सुधारणार, एक जण कानाला हेडफोन लावून आवाजावर लक्ष ठेवणार आणि मी मधली जुळवाजुळव बघणार. बोलणं ओळखणारी प्रणाली ब्राउझरमध्ये चालणारी होती. आवाज इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि मजकूर परत येतो. मराठी ती बऱ्यापैकी ओळखते. त्यामुळे सुरुवातीला सगळी चर्चा ‘कुठलं सॉफ्टवेअर’ याच प्रश्नाभोवती फिरत होती. खरं काम त्याच्या बरंच आधी, मिक्सरपाशी होतं, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जिथे एकत्र येतात त्या यंत्रापाशी.

फोन मांडीवर ठेवून का भागत नाही

आदल्या वर्षी एका सभासदाने बोलणं अक्षरांत दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब फोनवर लावून पाहिलं होतं. हे अ‍ॅप 2019 पासून आहे आणि घरात, समोरासमोर बसून बोलताना छान चालतं. सभेत मात्र चौथ्या रांगेत बसलेल्या या सरांच्या फोनवर ‘अध्यक्ष... मागील... आणि... धन्यवाद’ एवढंच उमटत होतं. त्यांचा समज झाला की फोन जुना आहे.

फोनचा काही दोष नव्हता. बोलणाऱ्यापासून जसजसं लांब जावं तसतसा थेट येणारा आवाज कमी होत जातो, पण हॉलमध्ये घुमणारा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. एका ठराविक अंतरापलीकडे घुमणारा आवाजच जास्त होतो. माणसाचे दोन कान आणि मेंदू मिळून त्यातून शब्द वेगळे काढतात. समोरच्याचे ओठ दिसतात, विषय माहीत असतो, गाळलेल्या जागा आपण नकळत भरतो. एका मायक्रोफोनच्या यंत्राला यातलं काहीच मिळत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या दोघांचं पेन्शनबद्दलचं बोलणं मात्र स्वच्छ मिळतं.

म्हणून पहिला निर्णय असा की हॉलमधला आवाज घ्यायचा नाही. जो आवाज वक्त्याच्या तोंडापाशी असलेल्या माइकमध्ये गेला आहे, तोच तारेवरून थेट आणायचा.

‘रेकॉर्डिंग आउट’ आणि खणखणीत आवाजाचे अध्यक्ष

साउंडची व्यवस्था भाड्याने होती. मिक्सरवर बसणारे अण्णा लग्न, कीर्तन, गणपती, सगळं केलेले, हात बसलेला माणूस. आमची गरज सांगितल्यावर त्यांनी लगेच मिक्सरची मागची बाजू दाखवली. “ही बघा रेकॉर्डिंग आउट. शूटिंगवाल्यांना हीच देतोय की. घ्या जोडून.”

जोडलं, आणि आदल्या संध्याकाळच्या तालमीत एक गंमत दिसली. खजिनदार बाईंचा आवाज बारीक, तरी त्यांची कॅप्शन नीट उमटत होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मैदानाच्या टोकाला उभ्या पोराला हाक मारायची सवय असलेले. त्यांचीच कॅप्शन अर्धवट येत होती. सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात कमी मजकूर.

कारण अण्णांच्या बोटात होतं. अध्यक्ष बोलू लागले की अण्णा त्यांच्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढत. हॉलच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं, कारण अध्यक्षांचा आवाज माइकशिवायही निम्म्या हॉलला जातो, स्पीकरमधून थोडी भर घातली की पुरे. पण रेकॉर्डिंग आउटमधून जातं ते हॉलसाठी बनवलेलं मिश्रणच. माणसाच्या गळ्यातून थेट हॉलमध्ये गेलेला भाग त्यात नसतोच. हॉलमध्ये आवाज भरपूर आणि तारेवर मात्र जेमतेम, असं होतं.

मला या सगळ्या प्रकरणात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. हॉलला लागणारं मिश्रण आणि कॅप्शनला लागणारं मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच्या उरलेल्यावर दुसरं भागत नाही. हॉलचं मिश्रण कानांसाठी असतं. त्यात पत्र्याच्या घुमण्याचा हिशेब असतो, स्पीकरची शिट्टी येऊ नये म्हणून आवाजातले काही पट्टे कापलेले असतात, मध्येच कुणाच्या आग्रहाखातर एकोही लावलेला असतो. कॅप्शनला प्रत्येक बोलणाऱ्याचा कोरडा, जवळचा, साधारण सारख्या पातळीचा आवाज हवा. गोडवा नसला तरी चालतो.

यासाठी मिक्सरवर ऑक्स, म्हणजे आवाज बाहेर काढायची वेगळी वाट, असतं. प्रत्येक माइकच्या पट्टीवर ऑक्सचा एक खुंटा असतो, त्या माइकचा किती आवाज या वेगळ्या वाटेने बाहेर पाठवायचा ते ठरवायला. आणि ऑक्स ‘प्री-फेडर’ ठेवता येतं, म्हणजे हॉलसाठी फेडर वर-खाली केला तरी या वाटेवरचा आवाज हलत नाही. अण्णांच्या मिक्सरवर एक ऑक्स मॉनिटरला, म्हणजे मंचाकडे तोंड केलेल्या स्पीकरला, गेलेलं होतं, दुसरं रिकामं होतं. ते मागून घेतलं. अध्यक्षांचा खुंटा कमी, खजिनदार बाईंचा जास्त, व्यासपीठाच्या माइकचा मधला. फेडर हवे तसे फिरवायला अण्णा मोकळे झाले.

एकाच गोष्टीवर अण्णांकडून शब्द घेतला. शिट्टी आली तर फेडर ओढायचा, गेनला हात लावायचा नाही. गेन म्हणजे मिक्सरमध्ये शिरतानाच माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा खुंटा. तो सगळ्याच्या आधी असतो, फिरवला की हॉल आणि कॅप्शन दोन्हीकडचा आवाज बदलतो. घाईत हात गेनकडेच जातो. अण्णांनी स्वतःच गेनच्या रांगेवर चिकटपट्टी लावून टाकली.

आवाज आहे, मजकूर नाही

तालमीचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यानंतरच्या कोड्याने. त्यावर जरा थांबून लिहितो, कारण हे कुणालाही, कुठल्याही हॉलमध्ये भेटू शकतं आणि लवकर लक्षात येत नाही.

ऑक्सचं आउटपुट एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा जोड, होतं. तिथून लॅपटॉपपर्यंत बाजारात तयार मिळणारी केबल लावली. एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टीरिओ पिन. ती एका छोट्या यूएसबी साउंड कार्डच्या स्टीरिओ लाइन इनपुटमध्ये. लॅपटॉपच्या अंगच्या भोकात ती सरळ खुपसली नाही, कारण आजकालचं ते एकुलतं भोक हेडसेटसाठी असतं आणि त्यातला माइकचा भाग काही मिलिव्होल्टच्या अपेक्षेने बसलेला असतो. मिक्सरमधून येणारी व्यावसायिक लाइन पातळी +4 डीबीयू, म्हणजे सुमारे 1.23 व्होल्ट. ती तिथे गेली तर फक्त फाटका आवाज मिळतो.

तर साउंड कार्ड लागलं. पडद्यावरच्या मीटरमध्ये डावी-उजवी दोन्ही पट्ट्या छान नाचत होत्या. हेडफोनमध्ये अध्यक्ष ऐकू येत होते. कॅप्शनची खिडकी मात्र कोरी. ‘ऐकत आहे’ असं लिहिलेलं, खाली एक अक्षर नाही.

मग नेहमीचे सगळे उपाय झाले. ब्राउझर बंद-चालू. परवानग्या तपासल्या. इंटरनेट बदललं. लॅपटॉप बदलला. “आवाज तर हाय की वो,” अण्णा आमच्या हेडफोनला कान लावून म्हणाले, आणि मग थांबून, “पण जरा पोकळ वाटतोय बघा.”

त्या शेऱ्याने दिशा मिळाली. आवाज खरंच विचित्र होता. डोक्याच्या मध्यभागी ऐकू यायच्या ऐवजी दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी तरंगत होता. बॅलन्स्ड एक्सएलआरमध्ये एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. पुढचं उपकरण दुसरी तार पुन्हा उलटी करून पहिलीत मिळवतं. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चिकटलेला खरखराट त्या उलटापालटीत कटतो, म्हणून लांबच्या केबलला ही पद्धत वापरतात. आमच्या तयार केबलने मात्र सरळ तार डाव्या वाहिनीला जोडली होती आणि उलटी तार उजव्या वाहिनीला. साउंड कार्डला वाटलं हा स्टीरिओ आवाज आहे. बोलणं ओळखणाऱ्या प्रणालीला लागतो मोनो, म्हणून तिने डावं-उजवं मिळवून एक केलं. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचा जोर अगदी सारखा असला की दोर जागचा हलत नाही, तसं झालं. बेरीज जवळपास शून्य.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. हेडफोनचा एक कान काढून ऐकलं की दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या ठणठणीत वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये मोनो केलं की आवाज गायब होतो किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा क्षीण उरतो. त्यामुळे कॅप्शनच्या वाटेवरचा आवाज ऐकायचा तो नेहमी मोनो करून, यंत्र जसा ऐकणार तसा. दोन पट्ट्या नाचणारं मीटर या बाबतीत काहीच सांगत नाही.

उपाय दोन होते. तातडीचा म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फक्त डावी वाहिनी घेणं. ते केल्याबरोबर अध्यक्षांचं अख्खं वाक्य विरामचिन्हांशिवाय पडद्यावर धावलं. कायमचा उपाय म्हणजे बॅलन्स्ड लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे दोन्ही तारा नीट मिळवून घेणारं चांगलं साउंड कार्ड, आणि एक्सएलआरपासून पाव इंची टीआरएस (तीन भागांच्या) पिनपर्यंत केबल. सभेच्या सकाळी तो इंटरफेस एका ओळखीच्या स्टुडिओतून आला.

घरघर त्यामानाने लवकर सुटली. लॅपटॉप चार्जरवर असताना तारेत 50 हर्ट्झची घरघर, चार्जर काढला की बंद. मिक्सर आणि लॅपटॉप हॉलच्या दोन टोकांच्या प्लगवर असल्याने अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या होत्या. दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज दिली, तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे दोन्हींमधला विजेचा थेट जोड तोडणारी, डबी बसवली. कुणीतरी चार्जरची अर्थची पिन काढायचं सुचवलं. ते कधीच करू नये, घरघर परवडली.

पातळी अशी ठेवली की साधं बोलणं मीटरवर उणे 18 डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा) आसपास राहील आणि आवेशातलं बोलणं उणे 6 च्या वर जाणार नाही. शून्याला आपटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही, थोडा कमी असलेला वाढवता येतो. विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी बटणं बंद केली. ती साधनं खोलीतल्या व्हिडिओ कॉलसाठी बनलेली असतात, तारेवरून आलेल्या स्वच्छ आवाजाचे शब्द ती उगाच कुरतडतात.

चहाची कॅप्शन

प्री-फेडरची एक बाजू अवघड असते. फेडर खाली असला तरी माइक कॅप्शनला ऐकू येतच राहतो. तालमीत उपाध्यक्ष सचिवांच्या कानाशी म्हणाले, “चहा आत्ताच सांगा, नाहीतर हे अजून तासभर सोडत नाहीत.” हॉलमध्ये कुणालाच ऐकू गेलं नाही. पडद्यावर दोन फुटी अक्षरांत उमटलं. तालीम होती म्हणून हशा झाला. सभेत कर्जदाराचं नाव किंवा एखाद्याच्या आजारपणाची गोष्ट अशी पडद्यावर गेली असती तर हशावर भागलं नसतं.

म्हणून मंचावरचे माइक बोलण्यापुरतेच चालू, एरवी म्यूट, असं ठरलं. अण्णांच्या मिक्सरवर म्यूट दाबलं की ऑक्सही बंद होतं. सगळ्या मिक्सरवर तसं असतंच असं नाही, प्रत्येक ठिकाणी दाबून पाहावं लागतं. म्यूटचा दुसरा फायदा आवाजाचाच. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की पार्श्वभूमीचा गलबला साधारण 3 डेसिबलने वाढतो. मंचावर पाच माइक उघडे ठेवून एकाने बोलायचं म्हणजे बाकीच्या चौघांनी फक्त पंखा आणि कागदांची सळसळ पुरवायची.

मात्र म्यूट काढायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी वाक्याचा पहिला शब्द जातो. अण्णांना विषयपत्रिका मोठ्या अक्षरांत छापून दिली, पुढे कोण बोलणार ते प्रत्येक विषयासमोर लिहून. साउंडवाल्याच्या हातात विषयपत्रिका देणं हे कॅप्शनच्या दृष्टीने महागड्या माइकपेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं मत झालं आहे.

दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीची एक चित्रफीत होती, मागे बासरी आणि वर निवेदन. तिचा आवाज ऑक्समध्ये घेतलाच नाही. निवेदन आधीच लिहिलेलं होतं, ते ओळीओळीने हाताने पडद्यावर सोडलं. जे लिहून तयार आहे ते यंत्राकडून पुन्हा ऐकवून घेण्यात अर्थ नसतो.

सभा

अहवालवाचन आणि हिशेबपत्रक सुरळीत गेलं. मजकूर बोलण्याच्या दोन-तीन सेकंद मागे राहत होता. आकडे यंत्राच्या भरवशावर सोडले नव्हते. पंधरा आणि पंचवीस यांतली चूक कवितेत चालेल, लाभांशात नाही. प्रत्येक विषयाचे आकडे छापील अहवालातून कॅप्शनच्या वरच्या पट्टीत स्थिर दाखवले. संस्थेचा ‘राखीव निधी’ यंत्राने बिनचूक ओळखला, गडहिंग्लज मात्र दर वेळी नवीन रूपात आलं. ते दुरुस्त करायला माणूस होताच.

इंटरनेटची भीती होती तेवढा त्याने त्रास दिला नाही. 16 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो असा बोलण्याचा आवाज न दाबता पाठवला तरी सेकंदाला 256 किलोबिट लागतात. वेग फारसा लागत नाही, सातत्य लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवली होती, दुसऱ्याची गरज पडली नाही. मध्येच बाहेरच्या रस्त्याने ढोलपथक गेलं तेव्हा हॉलमध्ये काही मिनिटं कुणालाच काही ऐकू येईना. तेवढ्या वेळात सगळा हॉल, चांगल्या कानाचेसुद्धा, पडदा वाचत होता. व्यासपीठावरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर होता आणि समोरूनच ऐकणारा होता, त्यामुळे ढोल त्याच्यापर्यंत जेमतेम पोचला.

कसोटी लागली ती ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाल्यावर. सभासदांसाठी दोन कॉर्डलेस माइक होते, रांगांमधून ते पोचवायला दोन तरुण कर्मचारी. पहिले दोन-तीन प्रश्न शिस्तीत आले. मग एका सरांनी माइक हाताने बाजूला सारला. “मला लागत नाही. बत्तीस वर्षं वर्गात शिकवलंय.” आणि खरोखरच त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पडद्यावर काहीच आलं नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या, कॅप्शनसाठी मुद्दाम पुढे आलेल्या दोन बाईंना प्रश्न कळला नाही, आणि पाठोपाठ आलेलं अध्यक्षांचं तावातावाचं उत्तर मात्र पूर्ण वाचायला मिळालं.

यावर तारेत काही उपाय नाही. हॉलमध्ये वर टांगलेला एखादा माइक ऑक्समध्ये मिसळायचा विचार आम्ही तालमीत करून पाहिला होता. त्याने प्रश्न थोडेफार मिळतात, पण स्पीकरमधून फिरून आलेला मंचावरचा आवाजही किंचित उशिराने त्यात मिसळतो आणि चांगली चाललेली कॅप्शनही बिघडते. त्यामुळे तो मार्ग सोडला होता. अध्यक्षांकडे चिठ्ठी गेली, ‘प्रश्न आधी पुन्हा सांगा, मग उत्तर द्या.’ मुख्याध्यापकाला ही सवय जड नाही. पुढे प्रत्येक प्रश्नाला “सरांचं म्हणणं असं, की...” अशी सुरुवात झाली. प्रश्न थोडे सौम्य होऊन पडद्यावर आले, हेही खरं. तिखट प्रश्न अध्यक्षांच्या तोंडून आला की त्याची धार जाते, आणि एका सभासदाने उभं राहून तशी तक्रार केलीच. ती तक्रार त्यांनी माइक हातात घेऊन केली.

‘मंजूर, मंजूर’ हा एकमुखी घोष यंत्राला कधीच कळला नाही. ते शब्द सुधारणारा माणूस स्वतः टाइप करत होता, अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केल्यानंतरच. त्याआधी टाइप केलं असतं तर निर्णय कॅप्शनवाल्यानेच दिल्यासारखं झालं असतं.

नंतर केलेली तुलना

ऑक्सचा आवाज सभाभर एका रेकॉर्डरवरही घेत होतो, आणि चौथ्या रांगेत एक फोन नुसता रेकॉर्डिंगला ठेवला होता. नंतर दोन्ही रेकॉर्डिंग त्याच प्रणालीतून चालवून पाहिली. बोलणं तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त आवाज घेतल्याची जागा वेगळी. ऑक्सवरून अध्यक्षांचं प्रास्ताविक सलग परिच्छेदात आलं, किरकोळ चुकांसह. फोनच्या रेकॉर्डिंगमधून त्याच प्रास्ताविकाचे सुटे तुकडे आले आणि मध्येच कुणाच्या तरी गुडघेदुखीवरचा उपाय आला. माइकशिवाय बोललेल्या सरांचा प्रश्न मात्र फोनवर अर्धामुर्धा सापडला, ऑक्सवर मुळीच नाही. कॅप्शनचा मजकूर संस्थेने इतिवृत्त म्हणून वापरू नये, असं आम्ही लेखी कळवलं. त्यातले आकडे आणि नावं तपासलेली नव्हती आणि न नोंदलेले प्रश्न त्यात नव्हते.

पुढच्या सभेच्या साउंडच्या मागणीपत्रात संस्थेने आता एक ओळ घातली आहे: कॅप्शनसाठी स्वतंत्र प्री-फेडर ऑक्स, एक्सएलआर, आणि आदल्या दिवशी तासभर तालीम. दोन कॉर्डलेस माइकऐवजी रांगांच्या मधल्या वाटेत स्टँडवर दोन माइक उभे करायचे, प्रश्न विचारायचा तर तिथे येऊन विचारायचा, असंही ठरतंय. त्याला विरोध आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी उठून यायचं का, असा मुद्दा निघाला आणि तो रास्त आहे. त्यांच्यासाठी एक कॉर्डलेस राहील. अण्णांनी तालमीच्या तासाचे वेगळे पैसे सांगितले आहेत, आणि खजिनदार बाईंनी ते घासाघीस न करता मान्य केले.